वल्ह्यातला दात

तापेरा, रविवार, १५ जून १९७५

निल्दोदादा,

तुला पत्र लिहायचं मी इतक्यांदा पुढे ढकललं की त्यासाठी घेतलेलं पहिलं पाकीट जत्रेच्या पाळण्यावर भिजलं, दुसऱ्यात मी पपईच्या बिया ठेवल्या आणि तिसरं मिठागरावरच्या एका बाईने नवऱ्याला शिव्या लिहून पाठवायला मागून नेलं. आता लिहितेय ते आत्याच्या मासे गुंडाळायच्या कागदावर. वास आला तर समजून घे.

मी घरी आहे. ईस्टरच्या सुमारास परत आले. कुठे कुठे हिंडले ते नंतर सांगेन. त्यात एक म्हातारा सिंह आहे, तो सांगण्यासारखा आहे. त्याच्या तोंडात एकही दात नव्हता आणि मालक त्याला रोज कसाव्याची पेज भरवायचा, तरी लोक तिकीट काढून घाबरायला यायचे. पण दातांवरूनच आठवलं. मूळ गोष्ट आधी सांगायला हवी.

बाबा बुधवारी समुद्रावर गेले, ते परत आलेले नाहीत.

गुरुवारी संध्याकाळी यायला हवे होते. काल सकाळी त्यांचं सुकाणूचं वल्हं नदीच्या मुखापाशी खारफुटीत अडकलेलं सापडलं. त्यांचंच आहे. मुठीवर आईच्या नावाचं अक्षर आहे, तूच कोरलेलं, उलटं. पात्याचा एक कोपरा चावून तोडलाय. तराफा नाही, शीड नाही, फळी नाही, काहीच नाही. फक्त वल्हं.

बाबांबरोबर तराफ्यावर एलिझेउ नावाचा एकजण होता. तू ओळखत नाहीस त्याला.

काल वाळूवर काय झालं ते नीट वाच, दादा, मधेच पत्र ठेवून देऊ नकोस. अख्खा गाव जमला. ओतासिलिओ तांडेलांनी वल्हं मांडीवर आडवं घेतलं, चाव्यावरून अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, आणि म्हणाले, "चपटडोकी." मग डोक्यावरची टोपी काढली. ते बघून बाकीच्या पुरुषांनीही काढल्या.

याचा अर्थ तुला सांगायला नको. चपटडोकी मुशी, शार्कांमधली ही एकच, नदीच्या गढूळ पाण्यात फिरते. म्हणजे बाबा घरी परत येत होते, मुखावरच्या लाटांत तराफा उलटला आणि खाली ती होती. म्हणजे संपलं.

पण आत्या गर्दीतून पुढे आली. हातात कोयता तसाच, कोपरापर्यंत खवले.

"टोपी घाल, ओतासिलिओ. टकलाला ऊन लागेल."

"आल्दिना, घरी जा."

"माझ्या कोयत्याखाली किती मुश्या गेल्या असतील, सांग बघू. तू समुद्रात बघतोस ती पाठ आणि शेपूट. तोंडात हात कोण घालतं? मी घालते. ही चपटडोकी नाही. चपटडोकीचा जबडा घमेल्यासारखा रुंद असतो, चावा कसा पसरट येतो. ही निमुळत्या तोंडाची आहे. भिंतीवरची. काळपाठी."

"तांडेलाने वाळूवर नाव घेतलंय."

"घेतलं असेल. वाळूला काय कळतंय?"

 तांडेलाने वाळूवर नाव घेतलं की दुसरं नाव घ्यायचं नाही, हे तुला मला शाळेत बाराखडी शिकण्याआधी शिकवलं. (बाराखडी मी पुढेही धड शिकले नाही, ते अक्षरावरून दिसतंच आहे.) तेव्हा गावासाठी ती चपटडोकीच. काल दुपारपासून सगळे जण मुखाशी आणि खारफुटीत शोधताहेत. बांबूने ढोसून शोधताहेत, दादा. जिवंत माणसाला कुणी बांबूने ढोसून शोधत नाही.

आता माझं म्हणणं ऐक. आत्याचं खरं असेल तर बाबा पाण्याचा रंग बदलतो त्या रेघेच्याही पलीकडे, भिंतीवर होते, जिथे तळ तुटतो आणि पाणी शाईसारखं होतं. तिथे वल्हं गेलं. वल्हं वाऱ्याचं ऐकतं, तराफा पाण्याचं. वाऱ्याने वल्हं आमच्याकडे आणून टाकलं. पाणी तराफा कुणीकडे नेईल? पश्चिमेला. तुमच्याकडे. तुझ्या कामोसिमकडे. इथून शिडावर तिकडे कुणी गेला तर उलट्या वाऱ्यात परत यायला आठवडा लागेल, आणि तांडेलाचा शब्द मोडून कुणी जाणारही नाही. तुझ्याकडे इंजिनाची बोट आहे.

जा, दादा. बाबा तुला काय बोलले ते मला माहीत आहे, मी दाराआडच उभी होते. तरी जा.

झेनोबिओ रात्री मासे घेऊन निघतोय, त्याच्याकडे हे पत्र देते. त्याने तुझ्याच हातात द्यायचं कबूल केलंय, पण त्याने आत्याला बर्फही कबूल केला होता.

जुसारा

तापेरा, मंगळवार, १७ जून

दादा,

झेनोबिओ अजून परतलेला नाही, तेव्हा तुझं उत्तरही नाही. पण ताज्या शेवंडांसाठी दुसरा एक ट्रक आलाय, तो रात्री तुमच्याच बाजूला जातोय, म्हणून पुन्हा लिहितेय.

बंदराच्या साहेबांची लाँच आली होती. त्यांनी विचारलं कुठे शोधायचं, गावाने मुखाकडे बोट दाखवलं, त्यांनी मुखाशी शोधलं. चांगली माणसं होती. एकाने मला गुळाचा खडा दिला.

ओतासिलिओंनी फादरला निरोप धाडलाय. शनिवारी सातव्या दिवसाची मिसा, मेलेल्यांसाठीची प्रार्थना. मिसा झाली की झालं, मग कुणी समुद्राकडे बघायचंसुद्धा नाही, बाबांची झोपायची झोळी जाळायची आणि त्यांचं भांडं उपडं घालायचं. वल्हं चर्चच्या पायरीवर ठेवलंय, चारी बाजूंना मेणबत्त्या. मिसा होईपर्यंत त्याला कुणी लोखंड लावायचं नाही.

हे लोखंडाचं का सांगितलं ते कळेल.

ओतासिलिओ वाईट नाहीत, हेही लिहून ठेवते, कारण रागात मी त्यांना काय काय म्हणतेय. तुला त्यांचा पोरगा व्हाल्दो आठवतो? मुखावर गेला तो. चपटडोकीनेच नेला, सगळ्यांनी पाहिलं होतं. तेव्हापासून त्यांनी कुठलाही चावा बघितला की त्यांना तीच दिसते. परवा एका डुकराच्या कानाला कुत्रा चावला होता, तो कानही त्यांनी उगाच लांब धरून बघितला. पण हे त्यांना सांगणार कोण?

बाबा पोतं घेऊन बसायचे ते तुला आठवतं? मुशीच्या डोक्यावर पोतं टाकायचे, आपल्या डोळ्यांवर आईचा रुमाल, आणि म्हणायचे, "कोण आलंय पाहुणं?" तू हात फिरवायचास शेपटीकडून डोक्याकडे. उलटा हात. सोलवटला तर खरबरी, ती खडकातली आळशी. रेशमासारखा गेला तर काळपाठी. मला मात्र वासाने कळायचं. पाकटाचा वास शेणाने भरलेल्या गोठ्यासारखा, कानमुशीचा लोखंडासारखा. तू म्हणायचास ही नाकाने लबाडी करते. बाबा म्हणायचे, समुद्रात नाक चालतं, डोळे चालत नाहीत.

आणि लोणपाकट घरात आलं की आत्या ते बाळंतिणीच्या दारावरूनसुद्धा नेऊ द्यायची नाही. त्याला बायकांसारखा विटाळ येतो म्हणून. मिठागरावरच्या बायका हे ऐकून हसल्या होत्या. मग त्यांच्यातली एक बाळंत झाली आणि तिने ताटाकडे बघत गुपचूप मला विचारलं, हे पाकट तर नाही ना गं? पण भरकटले.

काल मी वल्ह्याजवळ बसले होते. मेणबत्ती विझली म्हणून लावायला वाकले तर चाव्याच्या कडेला लाकडात काहीतरी पांढरं चमकलं. दात. मुळापाशी मोडून आत रुतलेला. बाहेर फक्त नखाएवढा.

तो दात या पत्रासोबत आहे. कापसात गुंडाळून आगपेटीत ठेवलाय. कसा मिळाला ते विचारू नकोस.

तू बघ. मी काही सांगत नाही, तुझे हात शिकलेले आहेत. चपटडोकीचा वरचा दात कसा असतो? कौलासारखा, सरळ उभा, दोन्ही बाजू सारख्या. काळपाठीचा एका अंगाला कललेला, आणि त्याच अंगाला खाच, कपाची कड तुटावी तशी. आगपेटी उघड आणि बघ. आणि मग मला उत्तर लिहीत बसू नकोस, बोट काढ.

पाण्याचं पिंप त्यांच्याकडे भरलेलं होतं, मी स्वतः भरलं होतं. एलिझेउला पोहता येतं. नदीत शिकलेलं पोहणं आहे ते, पण येतं.

जुसारा

तापेरा, गुरुवार, १९ जून

दादा,

आज सकाळी गावाला कळलं.

वल्ह्यावर फादरची चादर घालायची म्हणून बायका ते पुसत होत्या, तेव्हा एकीला ताजा कोरलेला खड्डा दिसला. मग किंचाळणं, मग ओतासिलिओ, मग सगळे आमच्या अंगणात. मी मुशीच्या फाकींना मीठ लावत होते. हातात सुरी होती, तीच सुरी, हे काही बरं दिसलं नाही.

"जुसारा, तू लोखंड लावलंस?"

"लावलं."

"समुद्राने परत दिलेल्या लाकडाला?"

"समुद्राने दिलेलं नाही, तांडेल. वाऱ्याने दिलंय."

मागून कुणीतरी म्हणालं, "जत्रेतून आलेली. हिला काय आपलं आणि काय परकं."

आत्या झोळीतून न उठता ओरडली, "तुझी बहीण पण जत्रेतच गेली होती, फक्त परत आली नाही. बोल आणखी!"

ओतासिलिओंनी हात वर केला. त्यांनी मला हळू आवाजात विचारलं, आणि तेच वाईट होतं, ओरडले असते तर मीही ओरडले असते.

"कसा होता?"

"काय?"

"दात, पोरी. कसा होता?"

"कललेला. खाच होती."

त्यांचा अंगठा बोटांवरून फिरला, चाव्यावरून फिरवतात तसा. मला वाटलं आता म्हणतील, काळपाठी. त्यांचे ओठसुद्धा हलले. मग म्हणाले, "मोडलेला दात कललेलाच दिसतो," आणि वळून गेले. शनिवारची मिसा आहे तशी आहे.

दादा, त्यांना कळलं होतं. मी शपथेवर सांगते, त्यांना कळलं होतं. पण वाळूवर घेतलेलं नाव परत घ्यायचं म्हणजे पाच दिवस सगळ्या गावाला चिखलात ढोसायला लावलं हे मान्य करायचं. पाच दिवस, आणि तिकडे पाणी चाललंय.

झेनोबिओही आज परत आला. मी त्याला ट्रकमधून उतरूही दिलं नाही.

"दिलंस?"

"दिलं. दोन्ही दिली. दुसरा ट्रकवालाही मला तिथेच भेटला, त्याचं पाकीटही मीच नेऊन दिलं."

"दादाच्या हातात?"

"निल्दो घरी नव्हता. बायकोने घेतली."

"काय म्हणाली?"

"काय म्हणणार? आगपेटी हलवून बघितली, दार लावून घेतलं."

मी ट्रकच्या चाकावर बसले ती उठलेच नाही. दार लावून घेतलं! तर ही ओळ तुझ्यासाठी नाही, दादा, ही तिच्यासाठी आहे, कारण पत्रं आता तीच फोडत असणार: लुझानिरा, तुझ्या लग्नात आमच्या बाबांनी तुझ्या हातचं खाल्लं नाही, ते मला तेव्हा पटलं नव्हतं, आज पटतंय. बाबा म्हणाले होते, हिच्या माणसांच्या जाळ्यात सगळं येतं आणि कशालाच नाव नाही, डोकं उडवलं की सगळ्यालाच मुशी म्हणतात. तू बर्फाच्या कारखान्यात बिनडोक्याची धडं मोजत वाढलीस. तुला त्या आगपेटीत काय दिसणार? तू मिठाचा दगड आहेस. पण दादाला दे. तो पाया पडायला सांगेल तर मी येऊन पडते, पण ती पेटी दादाला दे.

झालं लिहून. खोडणार नाही.

आता तुला एक सांगायचं राहिलंय. दोन पत्रांत सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास की हिच्याच कर्माची फळं आहेत ही, आणि बोट काढली नसतीस.

एलिझेउ म्हणजे कुणीतरी एकजण नाही. जत्रेत तो पाळणा फिरवायचा. आतल्या कोरड्या मुलखातला आहे, पहिल्यांदा समुद्र बघितला तेव्हा म्हणाला, "एवढं पाणी उघड्यावर ठेवतात?" मी त्याला घरी घेऊन आले ते लग्न करायलाच. बाबा चिडले नाहीत. मला वाटलं होतं चिडतील. त्यांनी त्याला फक्त वरपासून खालपर्यंत बघितलं, मुशीला बघतात तसं, आणि म्हणाले, "दोरी हातात देऊन बघू."

ती रीत तुला माहीत आहे. घरात येणाऱ्याने पाण्याखाली काय लागलंय ते दोरीच्या ओढीवरून सांगायचं, वर दिसायच्या आत. मी त्याला आठवडाभर शिकवलं. मागच्या दारी मी दोरी ओढायची, त्याने डोळे मिटून नाव घ्यायचं. पाकट तळाला चिकटून बसतं, दोरी मेल्यासारखी होते, मग एकदम गोधडी झटकल्यासारखं होतं. खरबरी कपारीत शिरते. कानमुशी डोकं हलवते, नाही नाही नाही म्हटल्यासारखं. काळपाठी पळते, मोठं वर्तुळ घेते आणि ओढ अचानक सैल पडते, कारण ती तुमच्याकडेच वर येत असते. त्या सैल दोरीवर नवखा फसतो. हे मी त्याला दहादा सांगितलं. तो हसत होता. म्हणाला, "तू ओढतेस तेव्हा सगळंच गोड लागतं."

रेघेच्या अलीकडे छोट्या मुश्याच मिळतात. त्यावर काय परीक्षा घ्यायची, म्हणून बाबा त्याला भिंतीवर घेऊन गेले. जूनच्या वाऱ्यात. माझ्यासाठी.

म्हणून मला माहीत आहे ते भिंतीवर होते. दात नसता तरी माहीत होतं. गावाला हे सांगितलं तर गाव म्हणेल, परीक्षा उरकून परत येताना मुखावर बुडाले. आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. रात्रभर मागच्या दारी दोरी ओढत होतात ते काय मला कपडे वाळत घालणं वाटलं?"

आज रात्री झेनोबिओ परत जातोय. ही तिसरी.

जुसारा

तापेरा, शनिवार, २१ जून, सकाळ

दादा,

हे पत्र कुणाबरोबर पाठवू माहीत नाही. पाठवेन की नाही हेही माहीत नाही. पण हात रिकामा राहिला तर मी काहीतरी फोडेन, म्हणून लिहितेय.

मिसेची पहिली घंटा झाली. मी आईचा काळा झगा घातलाय, तो मला खांद्यात बसत नाही. आत्याने काळं घालायला साफ नकार दिलाय. तिने लाल फुलांचा झगा घातलाय आणि ती चर्चच्या बरोबर समोर पाटी मांडून मासे साफ करत बसली आहे. फादर म्हणाले, "आल्दिना, आजच्या दिवशी तरी..." ती म्हणाली, "फादर, भाऊ आला की त्याला जेवायला लागेल. तुम्ही तुमचं करा, मी माझं करते." आतडी थेट पायरीवर उडताहेत. 

बाबांची झोळी मी सोडलेली नाही. गाठ घट्ट बसलीय, सुटली नाही असं सांगितलं. झोळीत त्यांच्या पाठीचा खोलगट आकार आहे. त्यात मी काल झोपून बघितलं. तंबाखूचा वास येतो.

मिसा झाल्यावर मी इथे राहणार नाही. तुझ्याकडे येणार होते, तुझ्या दारात बसून ओरडणार होते. पण काय ओरडायचं? तू बोट काढली असतीस तर एव्हाना कळलं असतं. पाणी किती चालतं ते मीही मोजू शकते. आज ते तुमच्याही पुढे गेलं असेल.

दुसरी घंटा. ओतासिलिओ स्वतः दोर ओढताहेत, घंटेचा. दर वेळी ते समुद्राकडे बघतात आणि मग ओढतात. तिसरी झाली की मला जावं लागेल.

बाहेर ट्रकचा भोंगा वाजतोय. झेनोबिओ शनिवारी कधी येत नाही. आणि हा भोंगा सारखा वाजतोय, गुरं आडवी आल्यासारखा. बघून येते.

आले. घाईत लिहितेय, अक्षर लागलं नाही तर कुणाकडून तरी वाचून घे.

ट्रक चर्चसमोर, थेट आत्याच्या पाटीला लागून थांबला. आधी उतरली ती एक बाई. उंच, पायात रबरी बूट, डोक्याला पुरुषासारखा रुमाल. कुणी ओळखलं नाही. मी ओळखलं, तुझ्या लग्नात मी हिच्याकडे पूर्ण वेळ वाकडं बघत होते. तिच्या हातात माझी पत्रं होती, तिन्ही, फोडलेली.

"जुसारा कोण?"

 आत्याने सुरीने माझ्याकडे दाखवलं.

"निल्दो घरी नाही," ती म्हणाली. "शेवंडं धरायला उत्तरेला गेलाय, महिनाअखेरीला येईल. त्याला दे, त्याला दे, असं लिहितेस, कुठून देऊ? म्हणून मी वाचली."

"दार लावून घेतलंस ते?"

"धक्क्यावर जायचं तर घर उघडं टाकून जाऊ?"

मग तिने खिशातून आगपेटी काढली आणि दात तळहातावर घेतला. ओतासिलिओ घंटेचा दोर धरूनच बघत होते.

"याचं नाव मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "तुझ्या बाबांनी लग्नात म्हटलं ते खरंच आहे, आम्ही नावं शिकलो नाही. पण मी बर्फात जबडे धुतलेत, पोर होते तेव्हापासून. कुठल्या बोटीतून कुठला दात उतरतो ते मला माहीत आहे. मुखाशी जाळं टाकणाऱ्या बोटींतून हा कधीच उतरत नाही. हा फक्त लांबच्या बोटींतून येतो, ज्या निळ्या पाण्यावरून बारा-पंधरा दिवसांनी परत येतात. मग मी माझ्या भावांना उठवलं, त्यांना दात दाखवला आणि म्हटलं, हा जिथून येतो तिथे चला."

"तू गेलीस?"

"मग काय पत्र लिहीत बसू? ते तू करतच होतीस."

आत्या उभी राहिली. पाटी उलटली. "जिवंत आहे का ते सांग आधी, भवाने!"

"आहेत. काल पहाटे सापडले. डोलकाठी मोडलेली, शीड अंगावर घेऊन पडलेले दोघं. तुमचे मोठे साहेब माझ्या घरी आहेत, पाय सुजलेत, प्रवास जमणार नाही. माझ्या हातची पेज पिताहेत." तिने तीन बोटं वर केली. "तीन वाट्या. मीठ कमी आहे म्हणाले."

मग झेनोबिओने ट्रकची मागची फळी पाडली. बर्फाच्या पेट्यांवर, कांबळ्यात गुंडाळलेला, ओठ फुटलेला, नाकाची सालं निघालेली, एलिझेउ. त्याला बोलता येत नव्हतं. माझ्याकडे बघून त्याने दोरी ओढल्यासारखा हात केला आणि मग मान खाली घातली.

"याची पण गोष्ट आहे," ती म्हणाली. "म्हाताऱ्यांनी सांगायला सांगितलीय, शब्द न बदलता. दोरी सैल पडली, हा म्हणाला पाकट. पाकट आहे म्हणून वल्ह्याने ढोसायला वाकला. ती वल्हंच घेऊन गेली. वल्हं गेलं, तराफा फिरला, काठी मोडली. म्हातारे म्हणतात, जावई नापास आहे. पण पिंपातलं पाणी त्याने त्यांना आधी दिलं, स्वतः मागून प्यायला, तेव्हा पुढच्या जूनला पुन्हा बसवू."

मग ती ओतासिलिओंकडे वळली. दात त्यांच्यापुढे धरला.

"तुम्ही तांडेल ना? तुम्हाला वेगळा निरोप आहे. काळपाठी होती. मादी."

ओतासिलिओंनी दात घेतला नाही. अंगठा मात्र फिरवला त्याच्यावरून, एकदा, खाचेत. मग त्यांनी घंटेचा दोर सोडला, बगलेतली टोपी काढली आणि डोक्यावर घातली. बायका रडताहेत, फादर चादर घेऊन तसेच उभे आहेत, आत्या वाळूत पडलेले मासे गोळा करतेय आणि रडत रडत झेनोबिओला बर्फावरून शिव्या देतेय.

एलिझेउला घरात झोपवलं, बाबांच्या झोळीत. गाठ सोडली नव्हती ते बरं झालं. कॉफी ठेवलीय, ती उतू जायच्या आत हे लिहून संपवते.

ती दारात उभी आहे. रबरी बूट उंबऱ्याबाहेर काढून ठेवलेत, पण आत आलेली नाही. माझं तिसरं पत्र हातात आहे, आणि मिठाचा दगड लिहिलाय त्या ओळीवर तिचा अंगठा आहे, मला इथून दिसतंय. बोलावल्याशिवाय ती आत येणार नाही, आणि या घरात तिला आजवर कुणी बोलावलेलं नाही.

थांबते, दादा. वहिनी आली आहे.